मालिकावेड्या आईला पाडव्याला काय देऊ नये

पेशवाईच्या मालिकेचं वेड लागलेल्या बाईला दिवाळीला काय द्यावं, हे मला विचारा. दिल्लीतल्या आमच्या ओळखीच्या निम्म्या मराठी घरांतून मला दरवर्षी फोन येतो, "यार, आईला काय घेऊ? त्या मालिकेतलंच काहीतरी सांग ना." मी सांगते. पहिल्या वर्षी मी आईला मोत्यांची नथ घेतली, चापाची, कारण तिचं टोचलेलं नाक कधीच बुजलंय. दुसऱ्या वर्षी पितळेचा पानाचा डबा. आई पान खात नाही, त्यात ती बीपीच्या गोळ्या ठेवते आणि रोज सकाळी राणीच्या थाटात झाकण उघडते. तिसऱ्या वर्षी खणाचे अभ्रे घेतले, तेही आवडले. मालिकेतल्या बाईचा चेहरा छापलेला मग मात्र देऊ नका. मी तोही एकदा वाढदिवसाला दिला होता. "तिच्या डोक्यावर गरम चहा कसा ओतू गं?" म्हणून आईने तो कपाटात उभा करून ठेवला.

आमच्या घरात या देण्याघेण्याची एक रीत आहे. खरेदी मी करायची, पाकीट गुपचूप बाबांच्या हातात द्यायचं, आणि पाडव्याला आईने ओवाळलं की बाबांनी ते तबकात ठेवायचं, जसा काही सगळा बाजार त्यांनीच पालथा घातलाय. बाबांनी आयुष्यभर केंद्र सरकारची नोकरी केली, फायली उत्तम सांभाळल्या, पण बायकोसाठी साडी निवडायची म्हटली की त्यांना घाम फुटायचा. म्हणून मी कमवायला लागल्यापासून ही वाटणी झाली. आईला सगळं ठाऊक असतं. तरी ती दरवर्षी "अय्या, तुम्ही आणलंत?" म्हणते आणि बाबा दरवर्षी खोकतात.

गेल्या दिवाळीला मालिकेनं मोठं वळण घेतलं होतं. मी ती बघत नाही. माझा जन्म दिल्लीतला, शाळा हिंदी-इंग्रजीतली, जुनं मराठी कानावरून जातं आणि ते बायकांचे लांबलचक निःश्वास मला सोसत नाहीत. आईकडे द्वारकेला गेले की येता-जाता दिसेल तेवढं दिसतं. एवढं मात्र कळलं होतं की आईची लाडकी बाई आता सगळा कारभार हातात घेऊन बसलीये. आई फोनवर मैत्रिणींना सांगत होती, "आता खरी उभी राहिली गं ती!" नव्या पोस्टरवर ती बाई लाल साडीत होती. काठ नाही, जर नाही, डोक्यावरून पदर, नजर अशी की समोरच्यानं कागद खाली ठेवावेत. मला वाटलं, वा, काय साधेपणा, काय रुबाब. आणि मला अवदसा आठवली.

कस्तुरबा गांधी मार्गावर हातमागाचं प्रदर्शन लागलं होतं. ऑफिस सुटल्यावर मी तिथे गेले आणि एका विणकराला फोनवर ते पोस्टर दाखवलं. त्याने एकाहून एक साड्या उलगडल्या, सगळ्यांना काठ. मी म्हटलं, "काठवाली नहीं भैया, बिल्कुल प्लेन. ऐसी ही." तो बिचारा म्हणाला, "मॅडम, त्योहार पे प्लेन? बॉर्डर मैं फ्री में लगवा दूँगा." मी त्याच्यावरच डाफरले. मला कुणी शहाणपण शिकवलं की माझं डोकं फिरतं, हा माझा जुना रोग आहे. शेवटी त्याने गठ्ठ्याच्या तळातून एक जाडीभरडी लाल सुती साडी काढली. पोस्टरवरची हीच. मी खूश. सोनेरी कागदात बांधून धनत्रयोदशीला ती बाबांच्या हाती दिली आणि मुनिरकाला माझ्या घरी परत आले.

दुसऱ्या दिवशी, नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नान करून बाबा बाहेर आले आणि छातीवर हात ठेवून पाटावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. आईने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज इतका हळू होता की आधी मला वाटलं, राँग नंबर आहे. संध्याकाळपर्यंत आम्ही गुडगावच्या एका हॉस्पिटलात होतो. अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी अडथळे, त्यातला एक फार वाईट जागी. डॉक्टर म्हणाले, सणाचं बघत बसू नका, बायपास लगेच करायला हवी. भाऊबिजेच्या सकाळची वेळ मिळाली. बाबा शहात्तर वर्षांचे, साखर वाढलेली. "रिस्क तो है," असं म्हणून डॉक्टरांनी माझ्यापुढे सहीचे कागद ठेवले. मी एकुलती एक. सही करताना आईने माझं मनगट धरून ठेवलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही दोघी नातेवाइकांच्या खोलीत बसलो होतो. बाहेर फटाके, धूर, बंद काचेतूनही खोकला येत होता. आईने दोन दिवसांत नीट खाल्लं नव्हतं. तिचं मन जरा दुसरीकडे लागावं म्हणून मी म्हटलं, "चलो, तुझी मालिका लावूया, दोन भाग राहिलेत ना?" इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या.

पडद्यावर एक अंधारं माजघर. लाडकी बाई पाटावर बसलेली, मागे न्हावी. तिचे लांब केस जमिनीवर पडत होते. मागचं आठवून दाखवतात ना, तसला प्रसंग. मग एका म्हाताऱ्या बाईने लाल कापडाची घडी आणली, बिनकाठाची, जाडीभरडी, आणि तिच्या मांडीवर टाकली.

"हे काय देतायत तिला?" मी विचारलं.

"आलवण," आई म्हणाली. "नवरा गेला की केस काढायचे आणि हे नेसवायचं. मग मरेपर्यंत हेच. माझी आजी नेसायची. मी लहान असताना तिच्या मांडीवर झोपायचे, गालाला रट्ट लागायचं ते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं? पोस्टरवर नाही का तेच नेसलीये ती?"

माझ्या काळजात धस्स झालं म्हणजे काय झालं ते मी सांगते. कानातलं बोलणं चालू होतं आणि मला शब्द कळत नव्हते. मी माझ्या बापाच्या हातून माझ्या आईला पाडव्याला आलवण द्यायला निघाले होते. आणि परवा सकाळी त्याची छाती उघडणार होते.

मी शकुन-अपशकुन मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला रस्ता देते. पण त्या संध्याकाळी माझं सगळं शहाणपण गळून पडलं. पाकीट बाबांच्या हातात दिलं धनत्रयोदशीला आणि छातीत दुखलं दुसऱ्या दिवशी, हा हिशेब मनाने परस्पर मांडला. मन चिंती ते वैरी न चिंती. आईला काही बोलायची माझी छाती झाली नाही. मी एवढंच ठरवलं की पाकीट द्वारकेच्या घरात बाबांच्या कपाटात आहे, सकाळी उठून पहिलं ते काढायचं, वाटेत कुठेतरी टाकून द्यायचं आणि त्या जागी दुसरी साडी ठेवायची. आईला कधी कळणारच नाही.

पाडव्याला सकाळी सातला मी द्वारकेला पोचले. बाबांचं कपाट उघडलं. शर्टांच्या मागे नव्हतं. कोटांच्या खाली नव्हतं. मी गादी उलटी केली, माळा बघितला, देवघराचे खण उपसले. मग बाथरूमच्या दारात उभी असताना एकदम लक्षात आलं. हॉस्पिटलला निघताना बाबांची बॅग मी भरली नव्हती, आईनेही नाही. बाबांनी स्वतः भरली होती. छातीत कळ येत असताना हा माणूस टॉवेल, चष्मा आणि बायकोची ओवाळणी बॅगेत घालून निघाला होता.

मी बाबांना फोन लावला, उचलेनात. आईला लावला, उचलेना. आईच्या कपाटातली हिरवी पैठणी उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गाडी काढली. रस्त्यावर धूर असा की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मी मोठमोठ्याने बोलत होते, "थांबा, थांबा, अजून नको." शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे बघत होता, बघू दे. दिल्लीच्या रस्त्यांवर मी रोज शिव्या देते, त्या दिवशी मात्र सिग्नललासुद्धा हात जोडले.

धापा टाकत बाबांच्या खोलीत शिरले तर आई ओवाळत होती. वॉर्डात ज्योत चालत नाही, म्हणून नर्सने बॅटरीवरचा दिवा आणून दिला होता. हॉस्पिटलच्या स्टीलच्या ताटात तो दिवा, आईची अंगठी, एक सुपारी. बाबा उशीला टेकून बसलेले, हाताला सुई, कपाळाला कुंकू. ती मल्याळी नर्स कौतुकाने बघत उभी होती.

"बाबा, ते पाकीट…" मी म्हटलं.

"थांब जरा," बाबा म्हणाले, आणि उशीखालून सोनेरी पाकीट काढून त्यांनी ताटात ठेवलं.

मी पुढे झाले. खरंच सांगते, मी ते हिसकावणार होते. पण काय सांगून हिसकावणार होते? बाबांच्या समोर? ज्यांना घाबरवू नका, असं तीन-तीन डॉक्टरांनी बजावलं होतं त्यांच्या समोर? मी जागच्या जागी उभी राहिले, पाचावर धारण बसलेली.

"अय्या, इथेसुद्धा? तुम्ही आणलंत?" आई म्हणाली. बाबा खोकले.

तिने कागद सोडला. घडी दिसली आणि तिचा हात थांबला. कापडावरून बोटं एकदाच फिरली, काठ असतो त्या जागेवरून. बाबा हसत म्हणाले, "तुझ्या त्या लाडक्या बाईची आहे म्हणे. मालिकेतली." बाबांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. बाबा बातम्या बघतात.

आईने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बघूनच तिला सगळं कळलं असणार. मग ती बाबांकडे वळली. "छान आहे हो. जाड सुती आहे, थंडीला बरी." तिने घडी परत केली, पिशवीत ठेवली आणि बाबांच्या पायांवरची चादर सारखी केली.

बाहेर आल्यावर मी तिचे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागले. "आई, मला ठाऊक नव्हतं गं. मी मूर्ख आहे. मला पोस्टर… मी आणली. माझ्यामुळे…"

"शुभ बोल नाऱ्या!" आई एकदम करड्या आवाजात म्हणाली. तिने मला भिंतीशी नेलं. "ऐक. माझ्या आजीचा नवरा आलवणामुळे गेला नव्हता. तो आधी गेला. आलवण मागाहून आलं. मागाहूनच येतं ते. कळलं?"

मी मान हलवली. कळलं होतं आणि उपयोग काही होत नव्हता. मी म्हटलं, दे ती पिशवी, मी फेकून येते. आईने दिली नाही. मी पैठणीचं पुडकं पुढे केलं, तर म्हणाली, "ती तुझ्या लग्नात नेसले होते. ती माझीच आहे, ओवाळणी कशी होईल?" आणि चहा आणायला गेली. मला वाटलं, ही बाई दगडाची आहे. हिला भीती म्हणून वाटतच नाही.

भाऊबिजेला पहाटे बाबांना न्यायला माणसं आली. आई बाथरूममध्ये तयार होत होती. दार उघडून ती बाहेर आली. तिने ती लाल साडी नेसली होती. हिरवा ब्लाउज, हातभर हिरव्या बांगड्या, मंगळसूत्र वर काढलेलं, कपाळावर हे एवढं कुंकू.

"आई, वेड लागलंय का तुला?" मी दबक्या आवाजात ओरडले.

"नवऱ्याने पाडव्याला दिलीये. नेसू नको तर काय करू?" ती म्हणाली आणि स्ट्रेचरपाशी गेली. बाबांनी तिला बघितलं, आणि शपथेवर सांगते, त्यांचा चेहरा फुलला. "शोभते," ते म्हणाले. पस्तीसेक वर्षांत मी त्यांना हा शब्द वापरताना ऐकलं नव्हतं. मग लिफ्टचं दार बंद झालं.

पुढचे सहा तास मी कसे काढले ते मलाच माहीत. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खुर्च्या, भिंतीवरचा बोर्ड, त्यावर बाबांच्या नावापुढे एकच ओळ, 'इन सर्जरी'. ती बदलत नव्हती. मी बोर्ड बघायचे आणि मग शेजारचं ते लाल कापड बघायचे. एकदा वाटलं, आईच्या अंगावरून ओढूनच काढावं. प्रत्येक वेळी दार उघडलं की मला वाटे, आता येऊन सांगणार. एका बाईला बोलावून नेलं आणि आतून तिचा हंबरडा ऐकू आला. मी कान झाकले. आई ताठ बसली होती, हात मांडीवर, बांगड्या एकदाही वाजल्या नाहीत.

दहाच्या सुमारास आईची एक मैत्रीण डबा घेऊन आली. मालिकेच्या ग्रुपमधली, चाळीस वर्षं दिल्लीत, पण पुण्याहून कालच आल्यासारखी बोलणारी काकू. आईला बघितलं आणि तिच्या हातातला डबा कलंडला. "अगं बाई! हे काय नेसलीस? आजच्या दिवशी? कुणी दिलं हे तुला?"

मी तोंड उघडलं. माझ्या जिभेवर 'मी' हा शब्द आला होता.

"मीच मागून घेतली," आई म्हणाली. "ह्यांना म्हटलं, मला तिच्यासारखी हवी. काय करणार, वेड!"

काकू तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "बिल्कुल डोकं फिरलंय तुझं," असं पुटपुटत ती दोन खुर्च्या सोडून बसली. आई खोटं का बोलली ते मला कळलं नाही. विचारायची ती वेळही नव्हती.

दुपारी दीड वाजता डॉक्टर बाहेर आले. मास्क खाली होता. मी उभी राहिले, खुर्चीची पाठ धरली. "ठीक हो गया," ते म्हणाले. "हार्ट अपने आप चल रहा है. चौबीस घंटे आयसीयू में देखेंगे, पर ठीक है." माझा जीव भांड्यात पडला. काकू मोठ्याने रडायला लागली. आईने डॉक्टरांना हात जोडले आणि मग माझं मनगट पकडलं. तिची नखं रुतत होती.

"बाथरूम कुठेय?"

बाथरूममध्ये तिने कडी लावली आणि पदर सोडायला गेली. खांद्यावरची पिन निघेना. तिच्या दोन्ही हातांना एवढा कंप सुटला होता की बांगड्या आता थांबतच नव्हत्या. "काढ, काढ हे आधी माझ्या अंगावरून," ती म्हणत होती. ओठ पांढरे पडले होते. मी माझ्या आईला असं कधीच पाहिलं नव्हतं.

"एवढी भीती वाटत होती तर नेसलीस कशाला गं?" मी विचारलं. मला तिचा राग आला होता, खरंच.

तिने भिंतीला हात टेकला. "काही बरंवाईट झालं असतं ना, तर तू जन्मभर म्हणत बसली असतीस, मी आणली म्हणून बाबा गेले. ओळखते मी तुला." तिने श्वास घेतला. "आता तसं म्हणता आलं नसतं. नेसले मी होते."

मी पिन चाचपत राहिले. डोळ्यांसमोर सगळं लाल होतं आणि पिन काही दिसत नव्हती.